बेसबॉलच्या ग्लोव्हमध्ये फोम वाढवण्याआधी चेंडू कुठे थांबतो ते पाहा

पुण्यात डिझाइन शिकणाऱ्या दोन विद्यार्थिनींचा प्रश्न आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी त्या एका शाळेच्या मुलींच्या संघाकरता बेसबॉलचा ग्लोव्ह बनवत आहेत. मुलींची तक्रार अशी, की चेंडू झेलला की तर्जनीच्या मुळाशी झिणझिण्या येतात, तळहात लाल होतो आणि ग्लोव्ह हातात फिरतो. तळहातावर जेलचा किंवा जाड फोमचा थर घातला तर आराम आणि संरक्षण दोन्ही साधेल का, आणि इथे मिळणाऱ्या साहित्यात हे जमेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

जमेल, आणि साहित्यही मिळेल. फक्त सुरुवात फोमपासून करू नका. मी पुण्यात बरीच वर्षं ग्लोव्ह उसवून दुरुस्त करतो आणि मोजके नवेही बनवतो. हात दुखतो तेव्हा बहुतेक वेळा आतली गादी पातळ असते असं नाही. चेंडू चुकीच्या जागी थांबत असतो.

आधी हिशेब करू, कारण सगळं डिझाइन त्यावरच उभं आहे. बेसबॉलचं वजन १४२ ते १४९ ग्रॅम. शाळेच्या सामन्यात जोरात फेकलेला चेंडू ताशी ७२ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २० मीटरने येतो असं धरा. त्यात साधारण २९ ज्यूल ऊर्जा असते. ती २ सेंटीमीटरच्या अंतरात संपवायची तर सरासरी १४५० न्यूटन जोर लागतो, म्हणजे जवळजवळ दीडशे किलोचं वजन. तोच चेंडू १० सेंटीमीटरमध्ये थांबवला तर २९० न्यूटन, तीस किलोच्या आसपास. प्रत्यक्षात सर्वात जास्त जोर या सरासरीच्या बराच वर जातो, पण तुलना बदलत नाही. आता तळहातावर ६ मिलीमीटर फोम वाढवलात तर थांबायला किती जागा जास्त मिळाली? फोम पूर्ण चेपत नाही, म्हणून ४ मिलीमीटर म्हणू. उलट चेंडू अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या वेबमध्ये, म्हणजे चामड्याच्या जाळीत, गेला तर वेब मागे झुकते, ग्लोव्ह मिटतो, मनगट आणि कोपर थोडं मागे येतं आणि १० सेंटीमीटर सहज मिळतात. वेबच्या मागे हाडही नसतं. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: हाताचं रक्षण आधी मोकळ्या जागेने आणि आकाराने करा, गादीने नंतर.

या खेळाचा इतिहासही याच वाटेने गेला आहे. १८७० मध्ये सिनसिनाटीचा कॅचर, म्हणजे बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा खेळाडू, डग अॅलिसन याने दुखावलेला हात वाचवण्यासाठी हरणाच्या कातड्याचे मिटन घातले, तेव्हा उघड्या हाताने खेळण्याचीच रीत होती. १८७७ मध्ये अल्बर्ट स्पाल्डिंग ग्लोव्ह घालून उतरला आणि मग हळूहळू इतरांचा संकोच गेला. पुढची चाळीस वर्षं ग्लोव्ह म्हणजे बोटांवर आणि तळव्यावर भरलेली गादी. खरा फरक पडला १९२० च्या सुमारास. सेंट लुईसचा पिचर (बॅटरकडे चेंडू फेकणारा) बिल डोक याने अंगठा आणि तर्जनीमध्ये वाद्यांचं जाळं विणून चेंडूसाठी तयार खोलगा ठेवण्याची कल्पना रॉलिंग्ज कंपनीला दिली. तिथून चेंडू हातावर न आदळता हाताशेजारी जाऊ लागला. पुढे साठच्या दशकाच्या उत्तरार्धात रँडी हंडली आणि जॉनी बेंच या कॅचरांनी मधोमध मिटणारा, बिजागरीसारखी घडी असलेला मिट, म्हणजे कॅचरचा ग्लोव्ह, रूढ केला. चेंडू एका हातानेच अडकू लागला, त्यामुळे दुसरा, उघडा हात पाठीमागे ठेवता येऊ लागला. बॅटला निसटता लागून आलेला चेंडू (फाउल टिप) बसून त्या हाताची बोटं मोडण्याचा धोका कमी झाला. एका हातातल्या ग्लोव्हची घडी दुसऱ्या हाताची बोटं वाचवते, हे तुमच्या प्रकल्पाच्या अहवालात जरूर लिहा.

इथे एक अडचण आपल्याकडची आहे. भारतात खेळाच्या ग्लोव्हजचं बहुतेक काम जालंधर आणि मेरठला होतं आणि तिथल्या कारागिरांचा हात बसलेला असतो क्रिकेटवर. क्रिकेटच्या नियमांनुसार यष्टिरक्षकाच्या ग्लोव्हला बोटांमध्ये वेब चालत नाही. फक्त तर्जनी आणि अंगठ्यामध्ये एक न ताणणारा तुकडा चालतो, आणि अंगठा पूर्ण बाहेर नेला की तो तुकडा ताठ झाला पाहिजे. म्हणजे तिथे पॉकेट, चेंडू बसण्याचा खोलगा, करायलाच मनाई आहे. साहजिकच यष्टिरक्षकाचा हात वाचवायचा तो तळव्यावरच्या गादीने आणि आत घालायच्या पातळ मोज्याने (इनरने), आणि हात मऊ सोडून. तोच कारागीर बेसबॉलचा ग्लोव्ह शिवतो तेव्हा सवयीने तळवा भरतो आणि वेब आखूड ठेवतो. मुलीही गल्लीत क्रिकेट खेळून आलेल्या असतात, त्यामुळे चेंडू तळहातावर घेतात. दोन्ही सवयी एकत्र आल्या की तर्जनीच्या मुळाशी झिणझिण्या ठरलेल्याच. ग्लोव्ह बदलताना प्रशिक्षकांना सोबत घ्या. वेबमध्ये झेलायला शिकवलं नाही तर तुमचं चांगलं पॉकेट रिकामंच राहील.

तर्जनीचं मूळच का, हेही समजून घ्या. बोटाच्या दोन्ही बाजूंनी बारीक रक्तवाहिन्या आणि नसा जातात आणि तिथे हाडावर चरबीचं आवरण फार कमी असतं. अंगठ्याशेजारची ही जागा पॉकेटच्या काठावर येते, म्हणून जरा चुकलेला प्रत्येक झेल तिथे बसतो. कॅचर वर्षानुवर्षं असा मार खातात आणि त्यांच्या या बोटाचा रक्तपुरवठा बिघडल्याचं वैद्यकीय अभ्यासांत नोंदलं गेलं आहे. तुमच्या संघातल्या एखाद्या मुलीचं बोट खेळानंतर पांढरं पडत असेल, गार लागत असेल किंवा बधिरपणा दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकत असेल, तर ग्लोव्हचा विचार बाजूला ठेवून तिला आधी हाताच्या डॉक्टरांकडे न्या.

आता मापं. मोठ्यांचा ग्लोव्ह लहान मुलीच्या हातात देणं हे त्रासाचं सर्वात सामान्य कारण आहे. मनगटाशी तोंड रुंद, बोटांचे कप्पे सैल. चेंडू लागला की ग्लोव्ह फिरतो आणि पॉकेटची जागा सरकून तळहात समोर येतो. म्हणजे ग्लोव्ह फिरणं आणि बोट दुखणं या तुमच्या दोन तक्रारी नाहीत, एकच आहे. प्रत्येक मुलीचा हात कागदावर ठेवून आखा. अंगठा सोडून सांध्यांपाशी रुंदी, मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी, मनगटाचा घेर आणि अंगठा आरामात किती बाहेर जातो तो कोन, एवढं घ्या. शेवटचं माप कोणी घेत नाही आणि वेबची रुंदी त्यावरच ठरते. बाहेरून ग्लोव्हची लांबी तर्जनीच्या टोकापासून पॉकेटमधून खाली हीलपर्यंत, म्हणजे मनगटाजवळच्या कडेपर्यंत, टेप टेकवत मोजतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला इनफिल्डसाठी, म्हणजे बेसजवळच्या आतल्या मैदानासाठी, ११ ते ११.५ इंच पुरे होतात. बाहेरची लांबी आणि आतला हात ही दोन वेगळी मापं आहेत हे सतत लक्षात ठेवा. पॉकेट मोठं हवं म्हणून आतली जागा मोठी करायची नसते. आत अंगठ्यासाठी एक आणि करंगळीसाठी एक अशी वादीची कडी ठेवा, ओढून घट्ट करता येईल अशी. मनगटाला वेल्क्रोचा पट्टा द्या. शाळेच्या किटमधला ग्लोव्ह चार मुली वापरतात, त्यांना गाठी सोडून बांधायला वेळ नसतो.

तोच ग्लोव्ह सॉफ्टबॉललाही वापरणार असतील तर आधी विचारून घ्या. सॉफ्टबॉलचा घेर बारा इंच आणि वजन १७८ ते १९८ ग्रॅम असतं, बेसबॉलचा घेर साधारण ९ इंच. बेसबॉलच्या अरुंद पॉकेटमध्ये सॉफ्टबॉल बसत नाही, तो काठावर आदळून तर्जनी आणि अंगठा फाकवतो. अंगठ्याच्या मुळाशी असलेला अस्थिबंध अशानेच दुखावतो. दोन खेळांना एक ग्लोव्ह करायचाच असेल तर माप सॉफ्टबॉलचं घ्या.

घडी कुठे पडते यावर ग्लोव्हचा स्वभाव ठरतो. अंगठ्याच्या मुळापासून करंगळीच्या दिशेने मिटणारा ग्लोव्ह रुंद आणि उथळ राहतो, शॉर्टस्टॉप किंवा सेकंड बेस या इनफिल्डच्या जागांना बरा, कारण चेंडू पटकन काढता येतो. अंगठा मधल्या बोटाकडे मिटला तर पॉकेट खोल होतं. शाळेच्या मुलींसाठी मी या दोहोंच्या मधली, किंचित खोलीकडे झुकणारी घडी निवडेन. हातात जोर कमी असतो, त्यामुळे ग्लोव्ह चेंडूच्या धक्क्यानेच मिटला पाहिजे, मुठीच्या ताकदीने नाही. त्यासाठी घडीच्या रेषेवर गादी तोडा. एकसंध तुकडा न घालता दोन तुकडे ठेवून मध्ये बोटभर जागा सोडा. न मिटणाऱ्या ग्लोव्हमधून चेंडू उसळतो, मुलगी दुसरा हात घाईने आणते आणि त्या उघड्या हाताच्या बोटाचं टोक ठेचतं. मुलींच्या हातांना झालेल्या ज्या दुखापती मी पाहिल्या, त्यांतल्या कितीतरी ग्लोव्ह नसलेल्या हाताच्या होत्या.

मग गादी. जेल मी वापरणार नाही. जेल चेपत नाही, नुसतं बाजूला सरकतं, म्हणजे भार पसरवतं पण थांबण्याची जागा फारशी वाढवत नाही, आणि वजन मात्र वाढवतं. मोठ्यांचा ग्लोव्ह ५५० ते ७०० ग्रॅमचा असतो. मुलींचा ४५० च्या आत ठेवता आला तर उत्तम. ईव्हीए फोम स्वस्त आणि हलका, पण त्याच जागी सतत मार बसला आणि वर उन्हात तापला की चपटा होतो आणि पुन्हा फुगत नाही. सर्वात भरवशाचा अजूनही लोकर दाबून केलेला नमदाच. तो चेंडूच्या आकाराला बसतो, घाम शोषतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. हीलच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे अंगठ्याखाली आणि करंगळीखाली, ८ ते १० मिलीमीटर नमदा थरांमध्ये, कडेला उतरता. करंगळीखालची बाजू विसरू नका, तिथे मनगटाच्या एका लहान हाडाचा टोकदार भाग आणि त्याला लागून नस व रक्तवाहिनी आहे. तर्जनीच्या मुळाशी अर्धचंद्राच्या आकाराचा ५ मिलीमीटर नमदा आणि त्याच्या आत, त्वचेच्या बाजूला, ३ मिलीमीटर मऊ युरेथेन फोम. हा फोम उघड्या छिद्रांचा आणि सावकाश पूर्ववत होणारा घ्या. पॉकेटच्या मधोमध काही नको, फक्त चामडं आणि अस्तर. चेंडू तिथे लागला की मुलीला तो जाणवला पाहिजे, नाहीतर कधी मिटायचं ते तिला कळणार नाही.

तर्जनी बाहेर काढून ठेवायला मागच्या बाजूला भोक आणि त्यावर झाकण द्या. बोट चामड्याच्या दोन थरांमागे गेलं की धक्का बराच कमी होतो. अनामिका आणि करंगळी एकत्र करंगळीच्या कप्प्यात घालून तर्जनीचा कप्पा रिकामा सोडण्याचीही पद्धत आहे, बरेच आउटफिल्डर, म्हणजे लांब मैदानात उभे राहणारे, तसं करतात. त्यासाठी करंगळीचा कप्पा आधीपासून रुंद ठेवला तर मुलींना दोन्ही पर्याय राहतील. मला हा बदल सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी वाटतो.

चामड्याबद्दल सविस्तर सांगतो, कारण इथे बाजारात फसगत होते. अमेरिकी आणि जपानी चांगले ग्लोव्ह बैलाच्या किंवा तरुण जनावराच्या चामड्याचे असतात. त्या दुसऱ्या प्रकाराला किप म्हणतात, तो पातळ, घट्ट आणि हलका असतो. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलांच्याही कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे सहज मिळतं ते म्हशीचं चामडं. त्याचा तंतू भरड, जाडी जास्त. ते मशीनवर चिरून २ ते २.५ मिलीमीटरवर आणावं लागतं आणि चिरताना वरचा दाणेदार थर शाबूत राहिला पाहिजे. ताकद त्या थरात आणि त्याच्या लगेच खालच्या तंतूत असते. पिशव्यांसाठी मिळणारं चामडं वरून घासून त्यावर रंगाचा जाड थर दिलेलं असतं. ते पहिल्या दिवशी गुळगुळीत दिसतं आणि घडीवर महिन्याभरात भेगाळतं. पाण्याचा एक थेंब टाकून बघा. सावकाश आत मुरला तर चामडं उघडं आहे, वरच राहिला तर लेप आहे. कोल्हापुरी चपलेचं, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं चामडं मला फार आवडतं, पण ते ताठ असतं, तळव्याला चालणार नाही. तळव्याला क्रोममध्ये कमावलेलं आणि तेल नीट मुरवलेलं घ्या. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेकडे चामडं तपासण्याची सोय आहे. प्रकल्पासाठी पत्र देऊन विचारायला हरकत नाही.

कापताना कातड्याचा ताण कुठल्या दिशेला आहे ते हाताने ओढून पाहा आणि खूण करा. पाठीचा भाग तळव्याला, खांद्याचा बोटांच्या मागच्या बाजूला, पोटाकडचा सैल भाग कुठेच नाही. ताणाची दिशा बोटांच्या लांबीला आली तर दोन महिन्यांत बोटं लोंबतात. मागच्या बाजूला मायक्रोफायबर किंवा जाळीचं कापड चालेल, तिथे चेंडू लागत नाही आणि वजन वाचतं. वाद्या मात्र चामड्याच्याच, ५ मिलीमीटरच्या आसपास रुंद. नायलॉनची दोरी भोकं कापत जाते.

आराम म्हटलं की सगळे मऊपणाकडे बघतात, पण मुली ग्लोव्ह काढून टाकतात तो बहुधा शिवणीमुळे. बोटाच्या कप्प्यातली शिवण नखाला किंवा पेराच्या बाजूला लागते. आतल्या अस्तराच्या कडा रापीने इतक्या पातळ करा, की दोन थर एकावर एक आल्याचं बोटाला कळू नये. शिवण बोटाच्या बाजूला न घेता किंचित मागे वळवा. अस्तराला बकरीचं किंवा मेंढीचं मऊ कातडं उत्तम, घाम शोषतं आणि चिकटत नाही. रेक्झिनचं अस्तर मे महिन्यात दुपारी तीनला घालून बघा, पंधरा मिनिटांत हात घसरू लागतो, आणि हात घसरला की ग्लोव्ह फिरतो आणि आपण परत मूळ तक्रारीपाशी येतो.

आपली मैदानंही लक्षात घ्या. पुण्यात शाळांची मैदानं बहुतेक मुरमाची. सरपटी चेंडू खड्याला लागून अचानक उठतो आणि हीलवर किंवा थेट मनगटावर बसतो. हिरवळीसाठी बनवलेल्या ग्लोव्हमध्ये मनगटाचा पट्टा अरुंद असतो. तुम्ही तो दोन बोटं रुंद करा आणि आतून पातळ नमदा द्या. मुरमाची बारीक वाळू वाद्यांच्या भोकांत शिरून त्यांना कापते, म्हणून तळाच्या भोकांना आतून चामड्याची एक जादा पट्टी लावा.

चाचणीचं तुम्ही काहीच लिहिलं नाही, आणि प्रकल्पाचा जीव त्यातच आहे. दाब मोजण्याची फिल्म महाग पडते. त्याऐवजी अस्तर आणि हात यांच्यामध्ये पांढरा कागद आणि त्यावर कार्बन पेपर ठेवून दहा-बारा झेल घ्या. कागदावर काळपट डाग कुठे दाट होतो ते दिसतं. जुना ग्लोव्ह, नवा ग्लोव्ह, त्याच मुलीचा हात, तोच फेकणारा. परीक्षकांना दाखवायला याहून बोलका पुरावा नाही. वजन टाकून चाचणी करायची असेल तर ३ किलोचं वजन १ मीटरवरून सोडलं की तेवढीच २९ ज्यूल ऊर्जा मिळते, पण ते सेकंदाला साडेचार मीटरपेक्षा कमी वेगाने येतं. मऊ युरेथेनसारखे फोम हळू धक्क्याला मऊ आणि वेगवान धक्क्याला कडक वागतात, म्हणून अशा चाचणीवरून फोम निवडू नका, फक्त शिवणीची ताकद पाहा. वेगासाठी क्रिकेटच्या सरावाचं बोलिंग मशीन भाड्याने घ्या. मशीनच्या चेंडूचा आकार आणि वजन बेसबॉलच्या जवळ जातं. ग्लोव्ह लाकडी हातावर बांधा, मुलीला समोर उभं करू नका. मोबाइलवर सेकंदाला ९६० चित्रांच्या गतीने चित्रण केलं तर दर चित्रामागे चेंडू साधारण २ सेंटीमीटर सरकलेला दिसतो. थांबायला किती अंतर लागलं ते त्यावरून मोजता येतं आणि वर केलेला हिशेब तुमच्या स्वतःच्या आकड्यांनी भरता येतो.

नियमांचं थोडक्यात: अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये फिल्डरचा ग्लोव्ह १३ इंचांपेक्षा लांब चालत नाही आणि पिचरचा ग्लोव्ह पांढरा किंवा राखाडी चालत नाही. शालेय स्पर्धेची नियमावली क्रीडा शिक्षकांकडून घेऊन पाहा.

ग्लोव्ह दिल्यावर तो कसा वापरायचा तेही लिहून द्या. नवा ग्लोव्ह मऊ करायला घरी खोबरेल तेल चोपडतात. ते नमद्यात उतरतं, ग्लोव्ह जड होतो आणि काही दिवसांत वास मारतो. लॅनोलिनचं मलम अगदी थोडं, फक्त घडीवर आणि वाद्यांवर. बाकी काम लाकडी मोगरीने पॉकेट ठोकून आणि रोज झेल घेऊनच होतं. पावसाळ्यात ओला ग्लोव्ह किटबॅगमध्ये बंद ठेवला तर आठवड्यात बुरशी येते. कोरड्या फडक्याने पुसून, पॉकेटमध्ये चेंडू ठेवून, पंख्याखाली वाळवायचा, उन्हात किंवा हीटरसमोर नाही.

आणि एक मागणी. संघात डावखुऱ्या मुली किती आहेत ते पहिल्याच दिवशी विचारा. डाव्या हाताने फेकणारीला ग्लोव्ह उजव्या हातात लागतो. शाळांच्या किटमध्ये तो नसतोच, मग ती मुलगी चुकीच्या हातात ग्लोव्ह उलटा कोंबते, करंगळी अंगठ्याच्या कप्प्यात जाते आणि पॉकेटचा काठ नेमका तळहातावर येतो. तुमचे पॅटर्न कागदावर तयार असतीलच, ते पालटून दुसऱ्या हाताचा एक ग्लोव्ह कापायला एक दिवस जास्त लागेल. तो नंतर जमलं तर म्हणून ठेवू नका, पहिल्या खेपेतच करा.